दरवर्षीसारखीच

जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला पगार आहे,
दातांचा विमा आहे, वर्षाला बारा दिवस रजा
आणि सर्दी झाली की घरी बसायची सक्त ताकीद.

इलिनॉयच्या सपाट मक्यात आमची वायनरी:
पत्र्याची शेड, भिंतीला भिंत लावून गाद्यांचं गोदाम,
समोर हमरस्ता.
वेल नाही. एकसुद्धा नाही.
रस येतो कॅलिफोर्नियाहून, दुधासारखा, टँकरमधून,
आणि पावतीवर सही घेताना ऑर्विल दरवेळी विचारतो,
"मळा कुठाय गं तुमचा?"

मळा भिंतींवर. चाळीस रेस्टॉरंटांच्या चाळीस भिंतींवर
एकच टेकडी, आणि एकच सूर्य
मावळता मावळता थांबवून ठेवलेला.
त्याच्याखाली तेच बाक, तोच लसणीचा पाव,
तीच बॅटरीवरची मेणबत्ती.

चवही तीच हवी.
पियोरियात जी, ती टोलीडोत.
मंगळवारी जी, ती लग्नाच्या वाढदिवशी.
तिकडे ऊन कमीजास्त होतं, वारा उशिरा सुटतो,
द्राक्षं दरसाल काहीतरी नवंच सांगत येतात.
त्यांना गप्प करणं हे माझं काम.
या टाकीतलं इतकं, त्या टाकीतलं तितकं,
गेल्या वर्षीचं थोडं, दटावायला.
चाखायचं, थुंकायचं, लिहायचं.
दिवसाला साठ घोट,
गिळायचा एकही नाही.

त्या सप्टेंबरात रसात धूर आला.
खराच. तिकडचे डोंगर जळले होते,
पाइन जळले, कुणाची न्हाणीघरं, कुणाच्या पत्रांच्या पेट्या,
काय काय, कोण मोजणार.
मी जिभेवर घेतला
आणि थुंकायचं विसरले.

लिंडग्रेनसाहेब म्हणाले, "मर्ना, हे जायला हवं."
गेलं.
कोळशाची पूड, तीन गाळण्या, वरून जरासा गोडवा.
निघतो धूर. मनावर घेतलं तर काहीही निघतं.
एक पिंप तेवढं मी मागे ठेवलं, गाद्यांच्या भिंतीला टेकवून,
वर खडूने लिहिलं:
खराब. हात लावू नये.

मार्चमध्ये गेले शाखा क्रमांक बावीसला,
कुणाला न सांगता, गिऱ्हाईक म्हणून.
पार्किंगमध्ये बर्फाचा राखाडी रगडा.
शेजारच्या टेबलावर एक बाई आणि तिचा नवरा.
आपण कुठे आलोय, त्याने तीनदा विचारलं.
तिने तीनदा सांगितलं, आवाज न चढवता.
चौथ्यांदा विचारलं, "आणि तुम्ही कोण?"
तिने पेला त्याच्या हातात दिला, बोटं मिटून दिली त्यावर.
तो प्यायला. थांबला.
"हां," म्हणाला. "हीच."
आणि पेला खाली न ठेवता
भिंतीवरच्या सूर्याकडे बघत राहिला.

वेट्रेसने मला विचारलं, कशी वाटली?
दरवर्षीसारखीच, मी म्हटलं.
कौतुक होतं की तक्रार, माझं मलाच कळेना.
तो पेला मात्र मी गिळला. सगळा.

परवा ऑर्विलचा मुक्काम होता, ट्रक सकाळी निघणार.
त्याने सही घेतली, विचारलं नेहमीचं.
मी गाद्यांच्या भिंतीकडे गेले,
पिंपाची चावी सोडली, कागदी कप भरला.
त्याने हुंगलं. घोट घेतला. जीभ टाळ्याला लावली,
दोन हजार मैल उलटे चालत गेल्यासारखा चेहरा केला.
"काहीतरी जळलंय यात, मर्ना."
हो, म्हटलं.
मळा.